पायलटला चालत नाही

पायलटलाही भूक लागते, ही गोष्ट आमच्या दिघोरीत पुष्कळ दिवस कोणाच्या डोक्यातच आली नव्हती. हेलिकॉप्टरचा आवाज आला की सारं गाव हातातलं काम टाकून हायस्कूलच्या मैदानाकडे धावायचं. हेलिकॉप्टर बघायचं, त्यातून उतरणारा नेता बघायचा, नेत्यामागून उतरणारी बॅगा धरलेली माणसं बघायची. ज्याने हे सगळं आभाळातून खाली आणलं त्याच्याकडे कोणी बघत नसे. नेता गळ्यात हार घालून स्टेजकडे निघाला की गावही त्याच्यामागे निघायचं. मैदानात उरायचे दोरीपाशी राखण बसलेले दोन पोलीस, आणि दोरीच्या आत उन्हात उभा एक माणूस. पांढरा शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या आणि हातात बिस्किटांचा पुडा.

मी बघत असे. माझी खानावळ मैदानाच्या अगदी समोर होती आणि उपाशी माणूस मला लांबून ओळखू येतो. खानावळवालीला तेवढंही येत नसेल तर तिने बांगड्या विकाव्यात. मी आणि माझी जाऊ सुमन, आम्ही दोघी ती चालवायचो. माझा नवरा वारला होता आणि तिचा जिवंत होता, पण कामाला दोघांचाही उपयोग सारखाच होता. शाळेतले बाहेरगावचे मास्तर, बँकेतला शिपाई आणि वामनभाऊच्या राइस मिलमधले मुनीम नि हमाल, ही माझी रोजची पंगत. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. माझ्या वडिलांनी छप्पन सालीच धम्म घेतला, तेव्हापासूनची ती आमच्या घरातली. तिच्याखाली बसून सगळ्या जातीचे लोक वर्षानुवर्षं जेवत होते, बोटं चाटत होते. कोणी काही बोलत नव्हतं. बोलण्यासारखं काही असतं हे मला पुढे कळलं.

भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरच्या निवडणुकांची ही गोष्ट. वाटणीत विमान उतरायची पट्टी तिकडे गेली आणि आम्हाला शाळेची मैदानं राहिली. नेते मात्र वाटणीत कमी झाले नाहीत. उलट दोन्हीकडे नवे उगवले आणि त्यांच्या सभेला मोठे नेते हेलिकॉप्टरने यायला लागले. सकाळी नागपूरहून निघायचं, दिवसभरात चार-पाच गावी भाषणं ठोकायची आणि सूर्य बुडायच्या आत परत पोचायचं. अंधारात ते यंत्र उडवायची परवानगी नसते. नेता प्रत्येक गावी थोडा थोडा उशीर करतो आणि तो सगळा उशीर पायलटच्या जेवणातून कापला जातो.

माझा पहिला पायलट म्हणजे कॅप्टन सोढी. मी पोलिसांचे डबे द्यायला दोरीपाशी गेले होते. हा माणूस हेलिकॉप्टरच्या शेपटीच्या सावलीत उभा राहून बिस्किट पाण्यात बुडवून खात होता. सावली त्याच्या अंगापेक्षा अरुंद होती, त्यामुळे तो अर्धा सावलीत आणि अर्धा उन्हात.

मी विचारलं, "साहब, खाना नहीं खाया?"

"नहीं, माताजी."

"माताजी मत बोलो. मेरे से तुम बुढ्ढे दिखते."

तो खो खो हसला आणि तेव्हापासून मला मौसी म्हणायला लागला. मी पोलिसाच्या डब्यातल्या दोन पोळ्या काढून त्याला दिल्या. पोलिसाने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्याची बंदूकच काढून घेतली आहे.

तुम्ही म्हणाल, माणसाने मैदान ओलांडून खानावळीत जेवायला यायला काय हरकत आहे? हरकत अशी की यंत्र सोडून जाता येत नाही. दोरी असो, पोलीस असो, कोणी तरी येऊन शेपटीला लोंबकळतोच. आणि नेता कधी परत येईल याचा नेम नसतो. दहा मिनिटं बोलतो म्हणून गेलेला तासभर बोलतो, आणि तासभर बोलतो म्हणून गेलेला समोर रिकाम्या खुर्च्या दिसल्या की दहा मिनिटांत परत. पायलटने हात धुवून पहिला घास उचलावा आणि तिकडे घोषणा सुरू व्हाव्यात. गाडीच्या ड्रायव्हरला निदान मागच्या दाराशी बसवून कोणी वाढतो. हा उडता ड्रायव्हर, त्याला मागचं दारही नाही.

त्या निवडणुकीत सोढी लहान हेलिकॉप्टर घेऊन एकटाच यायचा, आजूबाजूच्या गावी सभा असली तरी आमच्याकडे उतरायचा, आणि माझा डबा ठरलेला झाला. पायलटला काय द्यावं आणि काय देऊ नये, हे मी चुका करत शिकले. एकदा बेसनाच्या पाटोडीचा रस्सा डब्यात भरून दिला. वर गेल्यावर झाकण सुटलं आणि सगळी तर्री शेजारी बसलेल्या नेत्याच्या पांढऱ्या धोतरावर. पुढच्या गावी तो मांडीवर फाइल धरून बोलला म्हणे आणि लोकांना वाटलं, माणूस अभ्यासू आहे. एकदा पापड दिला. त्याच वेळी पंखा सुरू झाला आणि पापड उडाला तो थेट आगीच्या बंबावर बसलेल्या माणसाच्या कानशिलात. एकदा चण्याची उसळ दिली. पुढच्या खेपेस सोढी डबा उघडायच्या आधीच म्हणाला, "मौसी, चना नहीं. ऊपर जाके हवा पतली होती है और पेट की हवा मोटी. और पीछे मंत्री बैठा रहता है."

"तो क्या हुआ? वो भी तो वही करते होंगे."

"करते हैं. पर नाम मेरा आता है."

मग मी भात, सुकी वांग्याची भाजी, घडी घातलेली पोळी आणि ठेचा, एवढ्यावर आले. एका हाताने खाता येईल, सांडणार नाही, उडणार नाही आणि वर जाऊन फुगणार नाही. सोढीला माझी वांग्याची भाजी एवढी आवडायची की तो आधी ती नुसतीच खायचा आणि पोळी नंतर कोरडी.

हा माणूस आधी फौजेत हेलिकॉप्टर चालवायचा. मग बरीच वर्षं त्याने प्रवाशांची मोठी विमानं चालवली. मला वाटायचं, तिथे तरी मजा असेल, गोऱ्या पोरी ट्रेमध्ये गरम गरम आणून देत असतील. तो म्हणाला, ट्रे येतो, पण खायला वेळ येत नाही. दिवसात चार वेळा चढायचं, चार वेळा उतरायचं. खाली उतरलं की लोक उतरतात, झाडूवाले चढतात, नवे लोक चढतात, आणि त्या तेवढ्या वेळात तेल किती भरलं ते बघायचं, कागदांवर सह्या करायच्या, हवा कशी आहे ते विचारायचं. जेवण मांडीवर, त्यावर कागद, आणि त्या कागदावर डाळीचा डाग. वर गेल्यावर एकाने चालवायचं आणि दुसऱ्याने गिळायचं. लघवीला जायचं तरी आधी विचारावं लागतं. "कंपनी खाने का टाइम देती है, मौसी," तो म्हणाला, "सिर्फ घड़ी नहीं देती."

मी म्हटलं, यापेक्षा आमचे हमाल बरे. पोतं खाली ठेवतात आणि मांडी घालून जेवतात. तोंडात घास असताना त्यांना कोणी पोतं उचल म्हणत नाही. म्हटलं तर ते पोतं त्याच्याच पायावर टाकतात.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग पुढची निवडणूक आली, त्यात फार मोठा नेता यायचा होता आणि त्यासाठी मोठं हेलिकॉप्टर आलं. त्यात पायलट दोन. मोठा सोढी आणि त्याच्या हाताखाली एक तरणा पोरगा, गोरा, नाकेला, नवीन चष्मा. मी दोन डबे घेऊन गेले. वांगी ताजी होती, मीच तेल जरा हात सोडून घातलं होतं. सोढीने डबा घेतला, भराभर खाल्लं, माझ्या तांब्यातलं पाणी प्यायला, टोपी तोंडावर ओढली आणि शेपटीखाली आडवा झाला. दुसरा डबा मी त्या पोराच्या पुढे धरला.

"नको, मावशी," तो म्हणाला. मराठी होता, पुण्याकडचा.

"घ्या ना. गरम हाय."

"नको, खरंच नको. मला नाही चालत."

"मंग पानी तं घ्या. ऊन किती हाय."

"पाणीही नको. मला चालत नाही ते." असं म्हणून त्याने आतून सीलबंद बाटली काढली, एक चपटा डबा काढला आणि माझ्याकडे पाठ करून काहीतरी पांढरं पांढरं खाऊ लागला.

वामनभाऊ स्वागत समितीत होता. तो दोरीच्या आत उभा होता आणि त्याच्या मागे दोरीला लागून त्याचे मुनीम, हमाल, अर्धं गाव. त्याने सगळं ऐकलं. तो पुढे झाला आणि गोड आवाजात म्हणाला, "साहेब, आडनाव काय म्हनले?"

"कुलकर्णी."

"बरोबर हाय," वामनभाऊ म्हणाला.

एवढंच. पण ते सगळ्यांना ऐकू गेलं.

मी चौथीपर्यंत शिकले. पुस्तकातले सगळे धडे विसरले, पण 'चालत नाही' हा शब्द तिथेच शिकले आणि तो विसरले नाही. कोणाला आमचा ग्लास चालत नव्हता, कोणाला आमची सावली चालत नव्हती. पुढे ते बंद झालं, निदान तोंडाने बोलणं बंद झालं. आता एवढ्या वर्षांनी तोच शब्द, पाण्यासकट, भर मैदानात, खांद्यावर सोनेरी पट्ट्या लावून आला होता. मी डब्याचं झाकण लावलं आणि घरी आले. तो डबा मीच खाल्ला. भाजी चांगली झाली होती.

दुसऱ्या दिवसापासून पंगत विरळ व्हायला लागली. एका मास्तरांना अचानक ॲसिडिटी झाली. बँकेच्या शिपायाने उपास धरला, तोही सोमवार, मंगळवार, बुधवार असा ओळीने. वामनभाऊचे मुनीम घरून डबे आणायला लागले, आणि मुनीम येईनात म्हणून हमालही येईनात. कोणी वाईट बोललं नाही. बोलले असते तर मी उत्तर दिलं असतं. शिजवलेला भात उरायचा आणि शेजाऱ्याच्या म्हशींना जायचा. म्हशींना मात्र जात कळत नव्हती, त्या दोन वेळा यायच्या.

वामनभाऊ रस्त्यात भेटला. "मनात काई आनू नको शेवंताबाई," म्हणाला. "मी नाही मानत वो असं काई. पन मानसं आयकत नाही ना."

"मानसं म्हंजे कोन?"

"मानसं म्हंजे..." त्याने इकडे तिकडे पाहिलं. "मानसंच."

"तुमचे मुनीम तुमचं आयकत नाही काय?"

"आता कोनाच्या पोटावर जबरदस्ती कराची कशी?" असं म्हणून तो गाडी सुरू करून गेला.

सुमन रात्री पीठ झाकून ठेवता ठेवता म्हणाली, "बाई, एक बोलू काय? ते तसबीर थोडे दिवस आतल्या खोलीत लावू. लोकाइले विसर पडन."

"तसबीर तिथंच राहीन," मी म्हटलं. "तुले लाज वाटून राहिली असन तं तू जाय आतल्या खोलीत."

ती रडली. मी तिला रडू दिलं. रडून झाल्यावर तिने विचारलं, खानावळ बंद पडली तर काय करायचं. मी म्हटलं, दुसऱ्याच्या बांधीत भाताच्या रोवणीला जायचं. आमच्या दोघींच्या कमरा तेव्हाच गेलेल्या होत्या, त्यामुळे या उत्तरात काही अर्थ नव्हता, हे तिलाही कळत होतं.

असे काही दिवस गेले आणि पुन्हा हेलिकॉप्टर येणार अशी दवंडी झाली. ते उतरलं तेव्हा मी दारातून पाहिलं. तेच मोठं यंत्र, तोच सोढी, तोच चष्मेवाला. फक्त नेता दुसऱ्या पक्षाचा होता. पायलटांचं काय, ज्याने भाडं भरलं त्याला उचलायचं. वामनभाऊ याही स्वागत समितीत होता. त्याच्या गळ्यातला दुपट्टा तेवढा बदलला होता. आणि या वेळी त्याने जाहीर केलं होतं की पायलट लोकांचं जेवण आपल्या घरून येईल.

मला कोणी बोलावलं नव्हतं. मी सकाळीच वांगी चिरली होती. सुमन म्हणाली, "कायले जाता? पुन्हा इज्जत जाईन."

"इज्जत कुठं उरली हाय जाले?" मी म्हटलं. "मी खाऊ घालाले नाही जाऊन राहिली. मी विचाराले जाऊन राहिली."

डबा आणि पाण्याचा तांब्या मात्र घेतला. रिकाम्या हाताने जायची सवय नाही.

नेता स्टेजवर गेला होता आणि लाउडस्पीकर ओरडत होता. पोलीस मला ओळखत होते, त्यांनी दोरी उचलली. वामनभाऊच्या घरची मोठी थाळी आधीच खुर्चीवर मांडलेली होती. पुऱ्या, श्रीखंड, उसळ, मसालेभात. सोढी मला बघून ओरडला, "मौसी! बैंगन?" मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. सरळ त्या पोरासमोर जाऊन उभी राहिले.

"साहेब, त्या दिवशी मी तुमाले जेवन देल्लं. तुमी म्हनले, चालत नाही. काहून चालत नाही?"

सभेतली माणसं सरकत सरकत इकडे यायला लागली. भाषण कुठेही ऐकायला मिळतं.

पोरगा गोंधळला. "अहो, नियमच आहे आमचा. दोन पायलटनी एकाच भांड्यातलं खायचं नाही."

"कोनाचा नियम? तुमच्या घरचा?"

"नाही हो, विमानवाल्यांचा. समजा जेवणात काही बिघाड असला आणि दोघांचं पोट एकाच वेळी बिघडलं, तर वर गेल्यावर यंत्र उतरवणार कोण? म्हणून एकाने एक खायचं, दुसऱ्याने दुसरं. कॅप्टन तुमचं जेवले, म्हणून मला ते चालत नव्हतं."

"आन पानी?"

"पाणीही वेगळं."

दोरीपलीकडून एक हमाल म्हणाला, "लय भारी नियम हाय गा. नवरा-बायकोले बी लावा. एकजन तं वाचन." लोक हसले. पण हसताना ते माझ्याकडे न बघता त्या पोराकडे बघत होते, खरं बोलतो की सांभाळून घेतो ते ताडत.

मी म्हटलं, "मंग असं सांगाचं होतं. 'चालत नाही' काहून म्हनले?"

"दुसरं काय म्हणायचं? नियमात चालत नाही."

"पुन्यात त्याचा काय अर्थ होते मले माहीत नाही. इथं त्याचा एकच अर्थ होते. आमी बौद्ध हावो."

मग त्याचे कान लाल झाले. आधी कान, मग मान, मग सगळाच. "मावशी," तो हळू आवाजात म्हणाला, "मला वांगी फार आवडतात हो. पण आधी निवडायचा मान कॅप्टनचा. गरम ते नेहमी त्यांना आणि मला हे काकडीचं सँडविच. त्या दिवशी मी तुमच्याकडे पाठ केली ती वास सहन होईना म्हणून."

आता सगळं मिटायला हरकत नव्हती. पण वामनभाऊ व्यापारी माणूस, तो नुकसानीतही तोलून बघतो. तो मध्ये आला. "झालं ना समाधान? नियम तं नियम. आता बसा साहेब. कॅप्टनसाहेबाले बाईच्या डब्याची सवयच हाय, ते तोच घेतीन. कुलकर्णी साहेबाले आमची थाळी. म्हंजे नियम बी राहाते."

मी बघितलं, तर सोढीने खरंच माझा डबा उघडला होता आणि त्याचं बोट भाजीपर्यंत गेलं होतं.

त्याने एक घास खाल्ला की संपलं. पोरगा वामनभाऊच्या घरचं जेवणार आणि गाव म्हणणार, बघा, नियम वगैरे बोलायला ठीक आहे, शेवटी खाल्लं कोणाचं? मग खानावळ उघडी ठेवून उपयोग नव्हता. मी आयुष्यात पहिल्यांदा जेवणाऱ्याच्या हातातून डबा काढून घेतला.

"मौसी, ये क्या?"

"आज तुम वो थाली खाओ. ये मेरा बैंगन इसको खाने दो."

"अरे, सीनियर मैं हूँ!"

"मालूम है. उस दिन इसने नहीं खाया तो गाँव बोला, बौद्ध बाई के हाथ का पंडित नहीं खाता. पानी तक नहीं लिया बोले. मेरे यहाँ लोगों ने आना बंद किया. अब ये खाएगा तो मेरा चूल्हा जलेगा. तुम्हारे खाने से नहीं जलता, तुमको कौन पूछता है?"

सोढीने बोट रुमालाला पुसलं. त्याने पोराकडे पाहिलं, दोरीपलीकडच्या तोंडांकडे पाहिलं, मग वामनभाऊकडे जरा जास्त वेळ पाहिलं. खुर्चीवरची थाळी उचलली आणि तिच्यात डोकावला.

"मौसी," तो रडक्या आवाजात म्हणाला, "इसमें चना है."

"तो धीरे उड़ाओ."

तो जेवायला बसला. मी डबा कुलकर्णीच्या हातात दिला. त्याने चमचा शोधला नाही. शर्टाच्या बाह्या वर केल्या, धुळीने भरलेल्या चाकाशेजारी मांडी घातली आणि हाताने भात कालवला. पहिला घास त्याला पोळला, पण थांबला नाही. मी बऱ्याच उपाशी माणसांना वाढलं आहे. मला दाखवण्यासाठी खाणारा आणि पोटासाठी खाणारा यांतला फरक कळतो. हा पोटासाठी खात होता. ठेचा लागल्यावर त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, तर दोरीपलीकडून कोणी तरी म्हणालं, "अरे बाप्पा, पंडितजी रडून राहिले!"

तेवढ्यात घोषणा जवळ आल्या. सभेतली माणसं आमच्याकडे सरकल्यामुळे नेत्याच्या समोर खुर्च्याच उरल्या होत्या आणि त्याने भाषण आवरतं घेतलं होतं. बॅगवाला माणूस पळत आला. "चला, चला, उठा! साहेब आले. पुढच्या गावी उशीर झाला."

कुलकर्णीच्या तोंडात घास होता. त्याने डावा हात वर केला, रेल्वे फाटकावरचा माणूस करतो तसा.

"साहेब आले म्हणतो ना!"

"को-पायलट खाना खा रहा है," सोढी म्हणाला. तो स्वतः श्रीखंड चाटत होता. "भूखा आदमी मशीन नहीं चलाएगा. आप चला लो."

बॅगवाल्याने नेत्याकडे पाहिलं. नेत्याने हेलिकॉप्टरकडे पाहिलं, मग त्या पोराच्या डब्याकडे. त्याला चालवता येत नव्हतं, म्हणून तो थांबला. कोणी तरी छत्री उघडली. एवढा मोठा माणूस छत्रीखाली उभा, वामनभाऊ त्याच्या शेजारी गुलालाने माखलेला, आणि त्यांच्यासमोर एक पोरगा जमिनीवर बसून माझ्या हातचं वांगं खातो आहे. त्याने सावकाश डबा पुसून घेतला. हात धुतले. मग सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, "मावशी, पाणी द्या. कॅप्टन बाटलीतलं प्यायलेत, आज मला तुमचं चालतं."

'चालतं' हा शब्द त्याने जरा दाबूनच म्हटला. मी पाणी दिलं. त्याने तांब्या वर धरून सगळा संपवला. मग पंखा फिरला, धूळ उडाली, वामनभाऊचा दुपट्टा त्याच्या तोंडावर गुंडाळला गेला आणि ते निघून गेले. दोघंही पुन्हा आमच्याकडे कधी आले नाहीत. वर गेल्यावर चण्याचं काय झालं, ते मला कळलं नाही.

त्या संध्याकाळपासूनच लोक यायला लागले. मास्तरांची ॲसिडिटी गेली. शिपायाने उपास सोडला आणि सोडताना तीन माणसांचं जेवला. सगळे बोलून दाखवत होते, पायलटनं खाल्लं ना, मंग काय. मी वाढत होते, पण मनातून मला आनंद झाला नाही, आणि आजही होत नाही. एवढी वर्षं ही माणसं माझ्या हातचं खात होती. त्यांच्या जिभेला माझी चव माहीत होती. तरी माझं जेवण खाण्यासारखं आहे की नाही, हे त्यांना पुण्याच्या पोराच्या तोंडाकडे बघून ठरवावं लागलं. तो खात नाही म्हणून उठले आणि तो खातो म्हणून बसले. मधल्या दिवसांत एकाही माणसाने मला येऊन विचारलं नाही. मी त्यांना परत घेतलं, कारण खानावळ अभिमानावर चालत नाही आणि सुमनच्या कमरेने रोवणी झाली नसती. पण माफ केलं असं मी कधी म्हटलं नाही. त्यांनीही माफी मागितली नव्हती.

सगळ्यात शेवटी वामनभाऊ आला. इतक्या वर्षांत त्याची माणसं जेवली, तो स्वतः कधी उंबऱ्याच्या आत आला नव्हता. गाडी समोर उभी केली, लोक बघतात ना ते पाहिलं, आत येऊन बुद्धाच्या तसबिरीखालच्या बाकावर बसला आणि म्हणाला, "शेवंताबाई, पायलटले वाढलं तेच वाढ मले बी."

"ते पायलटचं होतं," मी म्हटलं. "तुमाले वरन-भात हाय. खाता काय?"

त्याने दाराकडे पाहिलं. दारात त्याचे मुनीम उभे होते.

"वाढ मंग," तो म्हणाला.

जेवला. जेवताना त्याने दुसऱ्यांदा भात मागितला. मी वाढला नाही.